घाटातील वळण आणि गाडीचा तोल

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

प्रास्ताविक

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने मोटारगाडीच्या यंत्रशास्त्रावर लेख लिहावा, हे काही वाचकांना आगाऊपणाचे वाटेल. जमाखर्च, ताळेबंद आणि घसारा हे आमचे विषय. तरीही हा विषय मी निवडला, कारण आमच्या घराचा जमाखर्च एका गाडीवर चालतो. माझे वडील स्वतःच्या पिकअपमधून बेळगावचा भाजीपाला चोर्ला घाटाने गोव्यात पोचवतात. सुट्टीत मी त्यांच्याबरोबर जातो. गेल्या वर्षी गणेश चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात गोव्यात भाजीला मागणी होती, भाडेही चांगले होते, म्हणून आम्ही नेहमीपेक्षा एक थर जास्त कोबी भरला. कणकुंबी मागे टाकून उतार लागल्यावर एका उजव्या वळणावर वरची पोती डावीकडे सरकली. गाडी डाव्या अंगावर इतकी कलली की मला दारातून फक्त गटार दिसत होते. बाबांनी स्टेअरिंग थोडे सैल सोडले, गाडी सरळ झाली आणि डोंगराकडच्या गटारात पुढचे चाक घालून थांबली. डावीकडे डोंगर होता म्हणून मी आज हा लेख लिहितो आहे. दरी असती तर लिहिला नसता.

त्या रात्री एक प्रश्न मनात राहिला. बाबा वीस वर्षे गाडी चालवतात, वेगही फार नव्हता, मग गाडी कलली का? भौतिकशास्त्राच्या सरांकडे जाऊन, ग्रंथालयातील पुस्तके चाळून आणि गॅरेजमधील मिस्त्रींना विचारून जे समजले ते येथे मांडतो. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकल्यामुळे 'अभिकेंद्री बल', 'गुरुत्वमध्य' हे शब्द पाठ होते. त्यांचा अर्थ मात्र घाटात कळला.

गाडीला वळवते कोण?

सर्वसामान्य समजूत अशी की स्टेअरिंग गाडी वळवते. वास्तविक स्टेअरिंग फक्त पुढच्या चाकांचे तोंड फिरवते. गाडी वळते ती टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षणामुळे. न्यूटनने १६८७ साली सांगितलेल्या पहिल्या नियमाप्रमाणे प्रत्येक वस्तू सरळ रेषेतच जाऊ पाहते. तिला वळवायचे तर वळणाच्या केंद्राकडे ओढणारे बल लागते. त्यालाच अभिकेंद्री बल म्हणतात. वळणावर आपण बाहेर फेकले जातो असे वाटते, पण खरे पाहता आपण सरळ जात असतो आणि गाडी आपल्याखालून वळत असते.

हे बल किती लागते? रस्ते बांधणारे अभियंते एक सोपे सूत्र वापरतात. वेगाचा (ताशी किलोमीटरमध्ये) वर्ग करा आणि त्याला १२७ गुणिले वळणाची त्रिज्या (मीटरमध्ये) याने भागा. येणारा आकडा म्हणजे गाडीच्या वजनाचा कितवा भाग तिला बाजूला ओढण्यासाठी लागतो, तो. २५ मीटर त्रिज्येचे वळण घेऊ. ताशी २० किलोमीटरला हा आकडा ०.१३ येतो, ३० ला ०.२८, ४० ला ०.५० आणि ५० ला ०.७९. वेग दुप्पट झाला की बल चौपट लागते. चक्रवाढ व्याजाने गाफील कर्जदार जसा फसतो, तसा वर्गाने वाढणाऱ्या या बलाने चालक फसतो.

हे बल पुरवायला गाडीजवळ असते काय? फक्त चार टायर. हजार किलोच्या मोटारीत प्रत्येक टायरवर सुमारे २५० किलो भार येतो. हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला २.१ किलो धरला, तर रस्त्याला टेकलेला भाग सुमारे १२० चौरस सेंटिमीटर, म्हणजे एका तळहाताएवढा भरतो. सगळी गाडी चार तळहातांवर वळते! कोरड्या डांबरी रस्त्यावर चांगले टायर वजनाच्या साधारण ०.७ पट पकड देतात. पाऊस पडला, टायर झिजले, की ती ०.४ च्या आसपास येते. म्हणून आपल्या २५ मीटरच्या वळणावर कोरड्यात ४७ ला टिकणारी गाडी पावसात ३६ लाच सरकू लागते.

येथे एक गंमत लक्षात घ्यावी. वरच्या सूत्रात वजन कोठेच नाही. भरलेली गाडी रस्त्याला चिकटून राहते, असे अनेक चालक ठामपणे सांगतात. पण वजन वाढले की पकड वाढते आणि वळवायला लागणारे बलही त्याच प्रमाणात वाढते. जमा आणि खर्च सारखेच वाढले तर शिल्लक वाढत नाही.

स्टेअरिंगची रचना

वळताना आतले चाक लहान वर्तुळातून जाते आणि बाहेरचे मोठ्या. दोन्ही चाके सारख्याच कोनात वळवली तर एक चाक घासटत जाईल. हा दोष घोडागाड्यांच्या काळातच लोकांच्या ध्यानात आला होता. म्युनिकचा गाडीकारागीर गेऑर्ग लांकेनस्पर्गर याने १८१७ मध्ये आतले चाक अधिक वळेल अशी जोडणी शोधली. तिचे पेटंट इंग्लंडमध्ये १८१८ साली रुडॉल्फ अ‍ॅकरमन याने घेतले, म्हणून आजही ती अ‍ॅकरमनच्या नावाने ओळखली जाते. शोध एकाचा आणि नाव दुसऱ्याचे हा प्रकार व्यापारातच चालतो असे नाही!

मागच्या चाकांचीही तीच अडचण असते. दोन चाकांतील अंतर १.४ मीटर धरले, तर अर्धवर्तुळाकार वळणात बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा ४.४ मीटर जास्त चालते. बैलगाडीत हा प्रश्न येत नाही, कारण तिची दोन्ही चाके आसावर स्वतंत्रपणे फिरतात. मोटारीत इंजिनाची शक्ती दोन्ही चाकांना द्यायची असते, म्हणून मध्ये डिफरन्शियल बसवावे लागते. ते दोन्ही चाकांना शक्ती देते आणि वेगवेगळ्या गतीने फिरण्याची मोकळीकही ठेवते.

वळण संपले की स्टेअरिंग आपोआप सरळ येते, हेही आपण पाहतो. सायकलचा पुढचा चिमटा जसा तिरका असतो, तसा चाक ज्या अक्षावर वळते तो अक्ष थोडा मागे झुकवलेला असतो. त्यामुळे चाक गाडीच्या दिशेमागे ओढले जाऊन सरळ होते. टायरॉडचे सांधे झिजून स्टेअरिंगला प्ले आला किंवा अलाईनमेंट बिघडली, तर हा निरोप चालकाच्या हातापर्यंत नीट पोचत नाही. मिस्त्री मला म्हणाले, "स्टेअरिंग जड झालं की लोक तक्रार करतात. हलकं झालं की खूश होतात. पण वळणात अचानक हलकं झालं, तर समजायचं, पुढची चाकं रस्ता सोडायला लागली."

कमी वळणारी गाडी, जास्त वळणारी गाडी

रबर लवचीक असल्यामुळे टायरचे तोंड ज्या दिशेला असते, त्या दिशेला तो तंतोतंत जात नाही. थोडा बाहेर सरकत जातो. पुढचे टायर मागच्यांपेक्षा जास्त सरकले, तर गाडी मनासारखी वळत नाही आणि वळणाबाहेर जाऊ लागते. मागचे जास्त सरकले, तर शेपूट बाहेर पडते आणि गाडी गरजेपेक्षा जास्त वळते. रोल्स-रॉइसमधून १९३० मध्ये जनरल मोटर्समध्ये गेलेला इंग्रज अभियंता मॉरिस ओले याने त्या दशकात या गोष्टीचा पद्धतशीर अभ्यास केला.

सामान्य मोटारी मुद्दाम किंचित कमी वळणाऱ्या बनवतात. कारण घाबरलेला माणूस आधी अ‍ॅक्सिलरेटर सोडतो. तसे केल्यावर वेग उतरतो, भार पुढच्या चाकांवर येतो आणि पकड परत मिळते. रिकाम्या पिकअपचे मात्र उलटे आहे. मागे वजन नसल्याने ओल्या रस्त्यावर तिचे शेपूट चटकन सरकते. माल उतरवून गोव्याहून परतताना बाबा पावसात अधिक सावध का असतात, हे मला आता कळले.

गाडी कलते म्हणजे काय होते?

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. घर्षणाचे बल टायरपाशी, म्हणजे जमिनीलगत लागते. गाडीचा गुरुत्वमध्य मात्र वर असतो. त्यामुळे वळताना गाडी बाहेरच्या चाकांवर पालथी होऊ पाहते आणि आतल्या चाकांचा भार बाहेरच्या चाकांवर जातो. किती भार जातो, हे तीन गोष्टींवर ठरते : बाजूचे बल, गुरुत्वमध्याची उंची आणि दोन चाकांतील अंतर.

हजार किलोची मोटार घ्या. गुरुत्वमध्य ५५ सेंटिमीटर उंच, चाकांतील अंतर १.४५ मीटर. बाजूचे बल वजनाच्या निम्मे असताना १९० किलो भार एका बाजूकडून दुसरीकडे जातो. ५००-५०० चे वाटप ६९०-३१० होते. गाडी अजून सुरक्षित असते, पण बाहेरच्या टायरवर भार वाढला म्हणून त्याची पकड त्याच प्रमाणात वाढत नाही, थोडी कमीच वाढते. म्हणून एकूण पकड घटते.

पाटे, स्प्रिंगा, शॉकअप आणि पुढच्या दोन चाकांना जोडणारा अँटी-रोल बार यांचे काम या कलण्याला आवर घालणे हे आहे. स्प्रिंग किंवा पाटा भार पेलतो. शॉकअप हेलकावे थांबवतो. बार दोन्ही बाजूंना पिळून धरतो, म्हणून बॉडी कमी कलते. पण येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. कडक पाटे घातले म्हणजे उलटण्याचा धोका गेला, असे नाही. बॉडी कलली नाही तरी भार बाहेरच्या चाकांवर जातोच. कलण्यामुळे गुरुत्वमध्य आणखी बाहेर सरकतो, तेवढे मात्र वाचते. शिवाय कलणे ही चालकाला मिळणारी सूचना असते. ती दाबून टाकली की तो जास्त वेगाने जाऊ लागतो.

बॉडीचा तोल किती नाजूक असतो याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे १९९७ चे. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये स्वीडनमधील 'तेक्निकेन्स वेर्ल्ड' या नियतकालिकाने मर्सिडीजच्या नव्या ए-क्लास मोटारीची चाचणी घेतली. रस्त्यात अचानक सांबरासारखा मोठा प्राणी आला असे समजून गाडी पटकन एकीकडे आणि लगेच दुसरीकडे वळवायची, अशी ती चाचणी. उंच बांध्याची ती छोटी गाडी उलटली. कंपनीने काही आठवडे विक्री थांबवून बदल केले आणि १९९५ साली आपल्याच महागड्या गाडीत आणलेली इलेक्ट्रॉनिक तोल-नियंत्रणाची यंत्रणा या छोट्या गाडीतही सरसकट बसवली. ही यंत्रणा गाडी भलतीकडे जाऊ लागताच एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावते. पण ती पकड निर्माण करत नाही. असलेली पकड शहाणपणाने वापरते एवढेच.

ब्रेक आणि वळण : एकाच थैलीतला पैसा

टायरजवळ पकडीचे भांडवल ठरलेले असते. त्यातूनच ब्रेकसाठी खर्च करायचा आणि त्यातूनच वळणासाठी. मात्र हा हिशेब साध्या वजाबाकीचा नाही, तर काटकोन त्रिकोणाचा आहे. ६० टक्के पकड ब्रेकने घेतली तर वळणासाठी ८० टक्के उरते. ८० घेतली तर ६०. सगळीच्या सगळी ब्रेकने घेतली तर वळणासाठी शून्य! चाके जाम झाल्यावर स्टेअरिंग कितीही फिरवले तरी गाडी सरळ जाते ती यामुळेच. चाके जाम होऊ न देणारी ए. बी. एस. यंत्रणा भारतात एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींना सक्तीची झाली, तिचा उपयोग हाच, की ब्रेक लावलेला असतानाही गाडी वळवता यावी.

म्हणून जुने चालक सांगतात : ब्रेक वळणाआधी, वळणात नाही. आणि ज्या गिअरने घाट चढायचा त्याच गिअरने उतरायचा. यातील दुसऱ्या वाक्याचा अर्थ असा, की इंजिनच वेग रोखते, ब्रेक तापत नाहीत आणि आणीबाणीसाठी शिल्लक राहतात.

रस्त्याचा वाटा

सगळा भार चालकावर टाकणेही योग्य नाही. इंडियन रोड्स काँग्रेस या १९३४ साली स्थापन झालेल्या संस्थेच्या नियमांप्रमाणे घाटातील हेअरपिन वळणाची आतली त्रिज्या किमान १४ मीटर असावी आणि वेग ताशी २० किलोमीटर धरावा. सूत्रात हे आकडे घातले तर ०.२२ येतात. बर्फ न पडणाऱ्या डोंगराळ भागात रस्त्याची बाहेरची कड दर दहा मीटरला एक मीटरपर्यंत उचलता येते. ०.२२ पैकी ०.१० चे काम ती करते. टायरवर फक्त ०.१२ उरते. पण त्याच वळणावर कोणी ४० ने आला तर आकडा ०.९० होतो. रस्त्याची मदत वजा केली तरी ०.८० उरतो. तेवढी पकड सर्वसाधारण टायरजवळ नसते. 'निधानवागि चलिसि' हे कन्नड पाटीवरचे शब्द आणि 'वाहने सावकाश हाका' ही मराठी पाटी, दोन्हींच्या मागे हेच एक गणित आहे.

आमच्या गाडीचा हिशेब

डिसेंबरात एका मित्राला घेऊन मी त्या वळणावर गेलो. रस्त्याच्या कडेने चौदा मीटरचा दोर ताणला आणि दोराच्या मध्यापासून वळणाच्या कडेपर्यंत मोजले. अंतर एक मीटर भरले. भूमितीप्रमाणे त्रिज्या निघते २५ मीटर.

आमच्या रिकाम्या गाडीचे वजन १७०० किलो आणि गुरुत्वमध्य ७० सेंटिमीटरवर धरला. हौदा जमिनीपासून ८० सेंटिमीटर. कोबीच्या पोत्यांचे पाच थर म्हणजे सुमारे १५०० किलो आणि १.४ मीटर उंची. सगळ्याचा मिळून गुरुत्वमध्य १.०८ मीटरवर जातो. चाकांतील अंतराच्या निम्मे, म्हणजे ०.७० मीटर, भागिले १.०८ केले की ०.६५ येतात. याचा अर्थ बाजूचे बल वजनाच्या ०.६५ झाले की आतली चाके उचलली जाणार. कोरड्या रस्त्याची पकड ०.७ असते. म्हणजे अशी गाडी सरकण्याआधीच उलटते. आमच्या वळणावर हा वेग ४५ येतो. पोती सरकून गुरुत्वमध्य फक्त दहा सेंटिमीटर बाहेर गेला, की तोच वेग ४२ वर उतरतो. आम्ही चाळिशीत होतो. बाबांचा अंदाज चुकला नव्हता. अंदाज आणि आपत्ती यांच्यातील अंतरच दोन-तीन किलोमीटर उरले होते.

आर. सी. बुकाप्रमाणे आमच्या गाडीत चार थरांचाच माल भरता येतो. चार थरांना मर्यादा ०.७२ होते आणि वेग ४८. शिवाय चौथा थर फाळक्याच्या आधारात राहतो, म्हणून सरकत नाही. पाचवा थर केवळ दोराच्या भरवशावर असतो. असे गणित मांडून मी वही बाबांपुढे ठेवली.

त्यांनी ती शांतपणे पाहिली आणि म्हणाले, "हे मला पाठीला कळतं रे. वही लागत नाही. पण सणाच्या दिवसांत पाचवा थर सोडला तर तेवढं भाडं जातं. तुझी फी त्यातूनच येते, हेही लिही वहीत."

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. पण एक गोष्ट वहीतून निघाली. चाळीसऐवजी पस्तीसने गेले तर त्याच वळणावर बाजूचे बल ०.५० वरून ०.३९ वर येते, म्हणजे सुमारे तेवीस टक्के कमी होते. एक थर कमी केल्याने मर्यादा जेवढी वाढते, त्याच्या दुप्पट हा लाभ आहे. त्याची किंमत काय? घाटाचा पट्टा पंधरा किलोमीटरचा धरला तर सव्वातीन मिनिटे. भाड्यात एका पैशाची घट नाही. हे ऐकल्यावर बाबा हसले आणि म्हणाले, "तीन मिनिटं तर चहाला जातात."

तेव्हापासून आमची गाडी घाटात पस्तिशीच्या आत असते, आणि लहान वळणांवर विशीत. पाचवा थर बंद झाला आहे असे मी लिहिले असते तर लेखाचा शेवट गोड झाला असता, पण ते खोटे ठरेल. एरवी चारच थर भरतो. चतुर्थी जवळ आली की पुन्हा तोच प्रश्न उभा राहील. मी यंदा शिकवणीचे दोन वर्ग घेतले आहेत, ते तेवढ्यासाठीच.

समारोप

थोडक्यात सांगायचे तर : वळणावर बल वेगाच्या वर्गाने वाढते. वजनाने पकड सुटत नाही, पण उंचीने तोल सुटतो. ब्रेक आणि वळण एकाच भांडवलावर चालतात. आणि गाडी कलते तेव्हा ती चालकाशी बोलत असते, तिचे ऐकावे.

आपल्यापैकी अनेकजण सुट्टीत मोटारसायकलीने किंवा भाड्याच्या गाडीने गोव्याला जातात. टपावर सामान बांधताना आणि वळणाच्या तोंडाशी हे आकडे आठवावेत, एवढीच विनंती. मोठ्या शहरातील हिशेबतपासनीस वर्ष संपल्यावर चूक दाखवतात. घाटातील वळण ती लगेच दाखवते, आणि तेथे दुरुस्तीची नोंद करायला पान शिल्लक असेलच असे नाही.